पहिला आटा रिकामा

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे आमचा गाळा.
सकाळी शटर वर गेलं की पहिलं काम,
वाटीत साबणाचं पाणी.
देवापुढे ठेवतात तशीच वाटी,
फक्त हिच्यात दाढीचा जुना ब्रश उभा.

चांगा मिस्त्री, माझे मामा,
पाना हातात द्यायच्या आधी बोट वापरायला लावायचे.
"आट्यांवरनं नख फिरव. मोज.
इंचाला एकोणीस की अठरा?"
पाव इंची निप्पल, दोन्ही पितळेची,
सख्ख्या भावांसारखी.
दोन फेरे गोडीगुलाबीने जातात आत,
तिसऱ्याला अडतात,
मग पान्याला पाइपाचा तुकडा जोडून
जो काही आटापिटा होतो
त्यात पितळ मरतं.
मी मोजायला चुकायचे.
ते रागवायचे नाहीत.
डब्यातून आणखी एक निप्पल काढून द्यायचे.

टेप आट्याच्या वळणानं गुंडाळायची,
ताणून, नख दाबत.
उलटी घेतलीस तर कसताना बाहेर निघते
उसवलेल्या बनियनच्या दोऱ्यासारखी.
आणि ब्रेकच्या नळीला,
जिथे निमुळतं तोंड निमुळत्या तोंडावर बसतं,
तिथे टेप नाही, सफेदा नाही, काहीच नाही.
आटा तिथे नुसता धरून ठेवतो.
अडवायचं ते तोंडानं.
"सगळीकडे पांढरं फासतो तो मिस्त्री नाही गं,
रंगारी."

पहिला आटा रिकामा ठेव.
एवढं एकच ते दोनदा सांगायचे.

का, ते मला फार उशिरा कळलं,
तेही मिरजेच्या मुबारक मुल्लाकडून,
टायर थंड होईपर्यंत तो बोलत बसला होता म्हणून.
शिळफाट्याचा उतार. ट्रेलरवर पत्र्याच्या कॉइल.
पाय दाबला, पुढचं धरलं,
मागचं धरेना.
हवा पोचली, पण उशिरा, जणू विचारत विचारत आली.
ट्रेलर भिंतीला घासत घासत थांबला.
माणूस कुणी गेलं नाही.
एका हातगाडीवरची कलिंगडं गेली, सगळी.
व्हॉल्व्ह खोलला तर भोकात टेपचा तुकडा,
करंगळीच्या नखाएवढा.
तो काडेपेटीत घालून मुबारकनं इथे आणला,
या काउंटरवर ठेवला.
मामा काही बोलले नाहीत.
चहा सांगितला.
कलिंगडवाल्याचं नाव विचारलं.

काडेपेटी अजून आहे, जुन्या पावती पुस्तकांच्या मागे.
मी एकदाच उघडली.
तुकडा अजून वळलेलाच,
ज्या आट्यावर होता त्याची खाच अंगावर घेऊन.

आता मामांचा हात थरथरतो.
टेपचं टोक नखाला सापडत नाही, मग ते रीळ खिशात ठेवून देतात,
जणू नंतर बघू.
ग्रीसच्या पालथ्या बादलीवर बसतात,
आणि कानानं काम करतात.
बाहेर क्रेन कॉइल उतरवतेय,
हायवे आपला चालू,
शेजारी ग्राइंडर.
"डावीकडचा. खालचा."
मी ब्रश फिरवते. काही नाही.
"थांब जरा."
थांबते.
फेसाखालून एक फुगा वर येतो, मोहरीएवढा,
मग वाटाण्याएवढा,
त्यात शटर, बादली, मामांचे पाय
सगळं वाकडं, इवलंसं.

"ताई, निघू का?" केबिनमधून आवाज.
नाही.
हवा सोडते.
"पाव फेरा," मामा म्हणतात, "जास्त नको, रुसेल."
पुन्हा हवा. पुन्हा साबण.
आता नुसता फेस बसत जातो.
मामा काहीच म्हणत नाहीत, म्हणजे झालं.

पावती फाडताना मी रक्कम लिहिते,
वर बघते.
ते मान हलवतात.
गळती आपल्या हातची असली तर पैसे नाहीत.
मी आकडा खोडते.
खाली तारीख राहते, गाडीचा नंबर राहतो,
आणि साबणाचा ओला अंगठा.